पोटातलं वारं

माणदेश म्हटलं की लोकांना दुष्काळ, मेंढरं आणि १९७२ साल आठवतं. दूध कुणाला आठवत नाही. पण बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यावर आमच्या भागात बँकेच्या कर्जानं गाई आल्या, त्यातल्या काही संकरित. त्यांना आमच्याकडं सरसकट 'जर्सी' म्हणत, मग ती कुठल्याही जातीची असो. घरचं खाऊन उरेल एवढं दूध पहिल्यांदाच वाड्यावस्त्यांवर दिसायला लागलं. ते उरलेलं दूध विकायचं तर फलटणला न्यावं लागायचं. मध्ये मोगराळ्याचा घाट. एसटी यायची तिच्या मर्जीनं, आणि दूध कुणाच्या मर्जीनं थांबत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहाला काढलेलं दूध साडेनवापर्यंत थंड झालं नाही तर संपलं.

म्हणून आमच्या भागातल्या फटफटीचा इतिहास हा खरं तर दुधाचा इतिहास आहे. शहरातल्या लोकांच्या आठवणीत जावा म्हणजे कॉलेजचा कट्टा, गॉगल आणि मागं बसलेली मैत्रीण. आमच्या आठवणीत जावा म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांत अडकवलेले चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन, मध्ये गोणपाट आणि त्या सगळ्याच्या पुढं टाकीवर जवळजवळ चढून बसलेला माणूस.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. भारतात ती मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी आणली. म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. साधारण त्याच सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत आली, ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली. बुलेट त्याआधीपासून होती, पण ती फौजदाराची नाहीतर बागाईतदाराची. तिला वजन होतं, रुबाब होता आणि पेट्रोलची भूक होती. दूधवाल्याला परवडणारी गाडी टू-स्ट्रोकच. १९७३ नंतर म्हैसूरच्या गाडीवर जावाऐवजी येझदी हे नाव आलं, तरी आमच्याकडं पुढं कित्येक वर्षं येझदीलाही जावाच म्हणत.

टू-स्ट्रोक का परवडायची, ते थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. बुलेटच्या इंजिनाला वर झडपा असतात, त्या उघडझाप करायला कॅम, रॉड, असा सगळा संसार. टू-स्ट्रोकला झडपाच नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होतानाच त्या उघडतो नि झाकतो. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण पोटात दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेनं वर सिलिंडरमध्ये चढतं. पोट हाच पंप. जोसेफ डे नावाच्या इंग्रजानं ही युक्ती १८९१ च्या सुमारास काढली. सुटे भाग कमी, म्हणून गाडी स्वस्त आणि गावच्या मिस्तऱ्याला उलगडणारी.

पण पोट पंपाचं काम करत असल्यामुळं त्यात चौथ्या हिश्शानंसुद्धा ऑइल भरून ठेवता येत नाही. बेअरिंगला, पिस्टनला वंगण मिळणार कुठून? तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. जावाला लिटरमागं चाळीस मिली. पंपावर टू-टी ऑइलचं एक वेगळं यंत्र असायचं, त्याला हातानं फिरवायचा दांडा आणि वर काचेचं मापाचं भांडं. त्यातून ते मधासारखं ऑइल टाकीत पडताना बघायला आम्हा पोरांना फार आवडायचं. जिथं पंप नव्हता तिथं टपरीवर बाटलीतून पेट्रोल, आणि ऑइल 'अंदाजानं'. हा अंदाज शब्द लक्षात ठेवा.

आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९७९ साली एक जुनी जावा घेतली. १९६९ ची, अडीचशे सीसीची, लाल रंग उडालेली. कोरेगावकडच्या एका कोंबडीवाल्यानं ती दोनेक वर्षं गोठ्यात नुसती उभी करून ठेवली होती. मी तेव्हा नववीत होतो. गाडीची किल्ली म्हणजे चक्क एक जाड खिळा, तो हेडलाइटमध्ये खुपसायचा. किक आणि गिअर एकाच दांड्यानं. किक मारायला तो दांडा मागं वळवायचा, गाडी सुरू झाली की पुढं आणून गिअर टाकायचा, आणि पायानं दाबलं की क्लच आपोआप सुटायचा. सायलेन्सर दोन, त्यामुळं गावात सगळ्यांची खात्री होती की इंजिनं दोन आहेत.

आण्णा अकरा वस्त्यांवरचं दूध गोळा करायचे. वही घालायची ती आई. कुणाचं किती लिटर, फॅट किती लागली, आठवड्याला कुणाला किती द्यायचे. पैसे डेअरीकडून पंधरवड्यानं यायचे, पण बायकांना आठवड्यानं द्यावे लागायचे, म्हणजे मधली तूट आमच्या घरानं सोसायची. ती गाडी चालली तर घर चालायचं, इतकं सरळ होतं ते.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात गाडी विचित्र वागायला लागली. उभी असताना आवाज एकसारखा राहीना. फट-फट चालता चालता आपोआप भर्रकन चढायचा, मग दबायचा, कधी बंदच पडायची. अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली यायचं नाही, क्षणभर तसंच तरंगत राहायचं. रिकामी असताना मधल्या वेगात आचके द्यायची. भरलेली असताना चढावर टणटण असा बारीक आवाज यायचा, कुणीतरी आतून चमच्यानं वाटी वाजवतंय असा. आणि डाव्या सायलेन्सरातून काळं तेल ठिबकायचं, उजवा जवळजवळ कोरडा.

गावात निदानाला तोटा नव्हता. तात्या म्हणाले, "एक इंजिन ग्येलं. डावं." पोस्टमन म्हणाला पेट्रोलमध्ये रॉकेल असणार. त्यात काही चूक नव्हती. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढत गेले, रेशनचं रॉकेल स्वस्त, त्यामुळं भेसळ ही काही गुपित गोष्ट नव्हती. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून निळं केलेलं असे, तरी पेट्रोलमध्ये थोडं गेलं तर कुणाला दिसतंय? आण्णांनी दोन वेगळ्या पंपांवरून पेट्रोल घेऊन पाहिलं. फरक पडला नाही.

गावाजवळच्या एका मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलला. जावाचा कार्बोरेटर पत्र्याच्या झाकणाआड दडलेला असतो, तो काढणं हेच एक काम. त्यानं जेट फुंकले, प्लग बदलला, आणि आतल्या सुईची क्लिप एक खाच खाली केली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त सुटतं. गाडी आठ दिवस छान चालली. मग पुन्हा तेच. त्यानं आणखी एक खाच खाली केली. पुन्हा आठ-दहा दिवस. आता प्लग काजळी धरायला लागला, सकाळी चार-चार किका माराव्या लागायच्या.

कुणीतरी आण्णांना सांगितलं, टणटण म्हणजे इंजिन कोरडं पडतंय, ऑइल वाढवा. ऐकायला पटण्यासारखं होतं. आण्णांनी चाळीसचे पन्नास केले, पन्नासचे साठ. धूर इतका निघायचा की दूध घ्यायला आण्णा आले हे वस्तीवरच्या बायकांना आवाजाआधी वासावरून कळायचं.

ऑइल वाढवण्यातला घोटाळा मला पुढं कराडला शिकायला गेल्यावर नीट समजला, आणि तो अजूनही चांगल्या चांगल्यांना उलटा वाटतो. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीक मापाचा द्रव जातो. त्या द्रवात ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. शिवाय मिश्रण घट्ट झालं, म्हणून जेटमधून थोडं कमीच जाणार. हवा तेवढीच. म्हणजे ऑइल वाढवल्यानं वंगण वाढलं हे खरं, पण जळणाच्या हिशेबानं मिश्रण आणखी पातळ झालं. आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. वरून जास्तीच्या ऑइलनं प्लग काळा होतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल जास्त होतंय. रोग एक आणि लक्षण त्याच्या विरुद्ध रोगाचं.

व्हायचं ते फेब्रुवारीत झालं. मोगराळ्याचा घाट दहिवडीकडून फलटणकडं उतरतो. ऐंशी लिटर दूध लादून उतरताना आण्णा गाडी गिअरमध्येच ठेवायचे, नुसत्या ब्रेकवर एवढं वजन थोपवणं शक्य नव्हतं. टू-स्ट्रोकला हा प्रकार सोसत नाही. अॅक्सिलेटर बंद, म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, कारण दोघं एकाच वाटेनं येतात. इकडं चाक इंजिनाला गरागरा फिरवतंच आहे. जुने ड्रायव्हर उतारावर मधूनच अॅक्सिलेटर थोडा ओढायचे ते याचसाठी. आण्णाही ओढायचे. पण त्या दिवशी इंजिन आधीच तापलेलं असणार. घाट संपला, सपाटीला लागल्यावर त्यांनी वेग घेतला, आणि अर्ध्या मैलावर मागचं चाक जाग्यावर आवळलं. गाडी काळी रेघ ओढत गेली. आण्णांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. पिस्टननं सिलिंडर पकडला होता.

जागा दुधेबावीच्या अलीकडची. गावाचं नाव पुढं घरात कुणी घेतलं की आई हसायची, पण ते बऱ्याच वर्षांनी. त्या दिवशी ट्रक मिळून दूध फलटणला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. डेअरीवर नमुना नळीत घालून उकळला, फाटला. ऐंशी लिटर दूध परत. त्यांचंही काही चुकलं नव्हतं, नासकं दूध कोण घेणार? पण अकरा वस्त्यांवरच्या बायकांना त्या दुधाचे पैसे द्यायचेच होते. आण्णा म्हणाले, "त्यांनी दूध चांगलं दिलं हुतं. खराब माझ्या गाडीवर झालं." आईनं वहीत त्या तारखेपुढं प्रत्येकीचा आकडा रोजच्यासारखाच घातला.

सिलिंडर लेथवर बोअर करून घेतला, मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. त्यासाठी आईची एक पाटली सोसायटीत नव्हे, सोनाराकडं गेली. गाडी हळू चालवत मुरवली. महिनाभरात पुन्हा तीच लक्षणं. आवाज चढतो, पडतो, चढावर टणटण. सिलिंडरला बोअर करायलाही मर्यादा असते. दर खेपेला भिंत पातळ होते, दोन-तीन खेपा झाल्या की सिलिंडर भंगारात. आता पुन्हा पकडलं तर गाडीही जाणार होती आणि धंदाही. चुलत्यांनी स्पष्ट सांगितलं, इकून टाका, आन् बैल घ्या.

फलटणला एक म्हातारे मिस्तरी होते. मूळ काम विहिरींवरच्या डिझेल इंजिनांचं, किर्लोस्कर, कूपर. फटफटीला ते हात लावायचे ते मन असलं तर. मी सुट्टीत आण्णांबरोबर गेलो होतो. त्यांनी आधी गाडीकडं पाहिलंच नाही. आण्णांना विचारलं, "कवापासनं? भरल्यावर जास्त का रिकामी आस्ताना? गार आस्ताना का तापल्यावर?" आण्णा सांगत गेले. मग म्हणाले, "ऑइल किती घालताय?" साठ म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "आण्णा, ह्यो जुलाबावर एरंडेल देण्यातला परकार झाला."

मग त्यांनी जे केलं ते मी तेव्हा नुसतं पाहिलं, पण पुढं कित्येक इंजिनांवर वापरलं. साधा नवा प्लग घातला आणि आण्णांना म्हणाले, मोकळ्या रस्त्यानं तिसऱ्या गिअरात फुल्ल ओढा, आणि पळता पळताच किल्ली उपसा, क्लच दाबा, तशीच थांबवा. हळू होऊ देऊ नका. कारण हळू चालवत आणली की प्लगवर हळू चालण्याचा रंग चढतो, फुल्ल ओढतानाचा पुसला जातो. आण्णांनी तसं केलं. आम्ही मागून सायकलवर गेलो. रस्त्यातच प्लग काढला. बाहेरची लोखंडी कड काळी, तेलकट. पण आतली चिनीमाती पांढरी फटक, खडूसारखी. चांगल्या प्लगची चिनीमाती कशी असावी, तर दुधाच्या चहासारखी. मिस्तरी म्हणाले, "वरनं काळा, आतनं पांढरा. काळं त्ये तुमचं ऑइल. पांढरं त्ये खरं दुखणं. पेट्रोल कमी, न्हायतर वारं जास्त."

परत दुकानात आलो. गाडी सुरू ठेवून त्यांनी हवा आत घेण्याच्या तोंडावर आपला तळहात आडवा धरला, अर्धं तोंड झाकलं. जे इंजिन मघापासून कुरकुरत होतं ते एकदम गोल आवाजात चालू लागलं. हात काढला, पुन्हा कुरकुर. हवा कमी केल्यावर सुधारतं म्हणजे हवा जास्त होतीय. यात कुठलं यंत्र नाही, मीटर नाही. तळहात.

आता जास्तीची हवा येते कुठून? की पेट्रोलच कमी येतंय? त्यांनी कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली, धार पाहिली. टाकीचं झाकण घट्ट लावून पाहिली, उघडं ठेवून पाहिली. झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि धार हळूहळू मरते. धार दोन्ही वेळा सारखी. कार्बोरेटर जिथं सिलिंडरला जोडतो तिथल्या गॅसकेटभोवती तेलाच्या कुपीतून थेंब थेंब सोडले. तिथं फट असती तर तेल आत ओढलं जाऊन आवाज बदलला असता. बदलला नाही. मग गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं. ते कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याचं असं. क्रँकचा दांडा पोटातून दोन्ही बाजूंना बाहेर येतो. डावीकडं क्लच आणि चेन, ती ऑइलमध्ये बुडालेली. उजवीकडं डायनामो आणि पॉइंट, ती कोरडी खोली. दोन्हीकडं दांड्याभोवती रबराचं सील असतं, पोट हवाबंद राहावं म्हणून. डावं सील गेलं तर पोट गिअरचं ऑइल ओढून घेतं. ऑइल खाली ठिबकत नाही पण आतल्या आत कमी होतं, आणि धूर. उजवं सील गेलं तर पोट कोरडी हवा ओढतं. कार्बोरेटरनं कितीही बरोबर माप दिलं तरी खाली कुणीतरी चोरून पाणी घालावं तसं ते पातळ होतं. (दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडली नाही.) आणि ही चोरी एकसारखी नसते. इंजिन हळू चालताना फटीतून जाणारी हवा एकंदर मापाच्या मानानं खूप असते, वेगात कमी. तापल्यावर रबर वेगळं बसतं, गार असताना वेगळं. म्हणून आवाज कधी चढतो, कधी पडतो, आणि सुईची क्लिप कुठल्याही खाचेत ठेवली तरी एका वेगाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक.

गिअरचं ऑइल पुरेपूर होतं. म्हणजे डावं सील धड. मिस्तऱ्यांनी उजवं झाकण काढलं आणि बोलले नाहीत. मला बोटानं जवळ बोलावलं. "नाक लाव." मी लावलं. पेट्रोलचा वास, जळलेल्या ऑइलचा वास. डायनामोच्या मागं सगळीकडं ओलसर काळा थर. "हिथं पेट्रोल कशापायी यावं? हिथं तर वायरी हायत." पोट वारं आत ओढतं तसं पिस्टन खाली येताना थोडं बाहेरही फुंकतं, आणि ते फुंकलेलं मिश्रण आपली खूण ठेवून जातं. चोर दारातनं आत आला ते दिसलं नाही, पण जाताना चिखलाचे पाय उमटले होते.

त्यांनी डायनामो उतरवला, रोटर ओढून काढला. मागचं सील नखानं टोकरलं तर त्याचा तुकडा पडला, वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा. दोन वर्षं गोठ्यात उभी राहून रबर कडक झालेलं, मग रोजच्या तापानं तडे गेले. मिस्तऱ्यांनी दांडा धरून वरखाली हलवून पाहिला. बेअरिंग ढिलं असतं तर नवं सीलही महिन्यात गेलं असतं. हलला नाही. "नशीब हाय तुमचं. पोटात वारं शिरलं हुतं, बाकी काय न्हाय."

सील फलटणला मिळालं नाही. पुण्याला नाना पेठेत माणूस पाठवून आणावं लागलं. त्याची किंमत आण्णा पुढं कुणालाही सांगताना बोटं उघडून दाखवायचे, आणि मग शेजारी पिस्टन-बोअरचा आकडा सांगायचे.

सील बसलं आणि गाडी सुरू केली तर गंमत झाली. आवाज स्थिर, पण वेगात भकभक, काळा धूर, जणू दम कोंडलाय. मिस्तरी हसले. आधीच्या मेकॅनिकनं चोरी भरून काढायला पेट्रोल वाढवलं होतं, चोरी बंद झाल्यावर ते जास्त झालं. सुई दोन खाचा पहिल्या जागी आली. ऑइल चाळीसवर आणलं, आणि एक ताकीद दिली: टाकीत वरून ओतायचं नाही. ऑइल जड, ते तळाला जाऊन बसतं, आणि टाकीची तोटी तळालाच. म्हणजे पहिल्या पाच मैलांत ऑइलच ऑइल आणि शेवटच्या पाचात कोरडं. आधी कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचं, मापानं ऑइल घालायचं, हलवायचं, मग टाकीत. आईनं यासाठी खोकल्याच्या औषधाची रेघा असलेली बाटली काढून दिली. अंदाज संपला.

डाव्या सायलेन्सरचं कोडंही सुटलं. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर जायच्या वाटा दोन. उजव्या सायलेन्सरची आतली जाळी काजळीनं इतकी बुजली होती की सगळा धूर डावीकडून जात होता. गोवऱ्यांच्या विस्तवात जाळी लाल करून झटकली, काजळीचे पापुद्रे पडले. तात्यांना हे पटलं नाही. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की डावं इंजिन दुरुस्त केलं.

त्या गाडीनं त्यानंतर सात वर्षं घाट उतरला. पाटली चौदा महिन्यांनी सोडवून आणली. हे मला वहीवरून सांगता येतं, कारण त्याची नोंद आईनं दुधाच्या हिशेबातच केली आहे, 'घरखर्च' या रकान्यात.

पुढं बजाजची एम-८० आली. ती दूधवाल्यांसाठीच काढल्यासारखी होती, बुटकी, हलकी, कॅन अडकवायला सोयीची. तीही टू-स्ट्रोकच. १९८५ ला हिरो होंडा आली आणि पेट्रोलात ऑइल मिसळायचा प्रश्नच मिटला. शिकल्यासवरल्या पोरांनी ती उचलली. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले तसा टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा बाजार आवरत गेला. ते योग्यच झालं असं मी म्हणेन, जरी माझ्या वयाच्या फटफटीवाल्यांना हे आवडत नाही. ज्या इंजिनातून न जळलेलं पेट्रोल नव्या मिश्रणाबरोबर थेट धुरांड्यात निसटतं, आणि जे रोज ऑइल जाळतं, त्याच्या धुरात आमच्या आईबापांनी वर्षं काढली. दुधाचं म्हणाल तर आता गावातच थंड करायच्या टाक्या आहेत आणि टँकर दारात येतो.

२०१८ ला जावा हे नाव परत आलं, पण ती गाडी चार स्ट्रोकची. जुन्या टू-स्ट्रोक जावा-येझदींना पुण्या-मुंबईची मुलं आता शोधत फिरतात. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. मी निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं अशी मुलं येतात, फोन करतात. गेल्या पावसाळ्यात एकाचा आला. आजोबांची येझदी गॅरेजमध्ये बारा वर्षं उभी होती, आता सुरू केलीय, पण आवाज एकसारखा राहत नाही. कार्बोरेटर नवा घातला, कॉइल बदलली, अमुक नंबरचा जेट घालून पाहिला, तमुकचा घालून पाहिला, सगळे आकडे त्याला पाठ. मी विचारलं, उजवं झाकण काढलंयस का? म्हणाला, नाही काका, तिकडं तर फक्त इलेक्ट्रिकल आहे.

म्हटलं, काढ आणि नाक लाव. मी थांबतो.

पाना पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.